पदवी, पत्ता आणि मतदारयादी : शिकलेला तरुण मतदान का करतो, का करत नाही

शिक्षण वाढले की मतदान वाढते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. निवडणूक आली की महाविद्यालयांत प्रतिज्ञा होतात, पथनाट्ये होतात, प्रभातफेऱ्या निघतात. या साऱ्यामागे एक गृहीतक असते. मतदान न करणारा माणूस अजाण असतो, त्याला जाण दिली की तो केंद्रावर येईल, असे ते गृहीतक.

आता १९ एप्रिल २०२४ हा दिवस आठवू या. लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात पूर्व विदर्भातल्या पाच मतदारसंघांत मतदान झाले. नागपूरचा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास राहिला. गडचिरोली-चिमूरचा ७२ टक्क्यांच्या जवळ गेला. एकीकडे १९२३ सालापासून विद्यापीठ असलेले, अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी आणि व्यवस्थापनाच्या नामवंत संस्था असलेले शहर. दुसरीकडे जंगल, नद्या, दूरदूरची केंद्रे आणि सुरक्षेच्या कारणास्तव दुपारी तीनलाच मतदान आटोपणारे भाग. गृहीतक खरे असते तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. दोन प्रदेशांची तुलना म्हणजे दोन माणसांची तुलना नव्हे. नागपुरात मतदान कमी झाले म्हणून नागपुरातला शिकलेला माणूसच घरी बसला, असे त्यातून सिद्ध होत नाही. कदाचित न शिकलेलाही बसला असेल. पण एवढे नक्की, की शाळा-महाविद्यालयांची संख्या आणि मतदानाची टक्केवारी यांच्यात सरळ रेषा ओढता येत नाही. मग शिक्षण नेमके काय करते? या लेखात त्याचा शोध घ्यायचा आहे, आणि त्यासाठी गांधीबागेसारखी वस्ती फार उपयोगी पडते.

अट होती तेव्हा

शिक्षणाचा आणि मताचा संबंध आपल्याकडे एके काळी कायद्यानेच जोडलेला होता. १९१९ आणि १९३५ या दोन्ही कायद्यांखाली मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. १९१९च्या व्यवस्थेत काही विद्यापीठांच्या पदवीधरांना प्रांतिक कायदेमंडळात स्वतंत्र जागाच होती. १९३५नंतर मतदारांची संख्या वाढली, तरी बहुसंख्य प्रौढ माणसे यादीबाहेरच राहिली.

या अटीला सर्वांत नेमके उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. १९१९मध्ये साउथबरो समितीपुढे आणि पुढे सायमन आयोगाच्या काळात त्यांनी मताधिकाराची बाजू मांडली. मे १९२९च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि साक्षरतेच्या अटीतल्या दोन चुका दाखवून दिल्या. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे मानणे ही पहिली. साक्षर माणूस त्याच्याहून अधिक जाणता असतोच, हे मानणे ही दुसरी. शिवाय मताचा वापर हेच एक शिक्षण आहे, हा विचार त्यांच्या मांडणीत आधीपासून होता. शिकल्यावर मत द्या असे नव्हे, मत देता देता माणूस शिकतो.

राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदात हाच विचार उतरला. १९५१च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि त्याच हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. सुमारे १७ कोटी मतदार, त्यांतले बहुतेक निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हे आणि उमेदवारागणिक वेगळ्या पेट्या ठेवल्या. त्या निवडणुकीतली एक गोष्ट मात्र आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. सुमारे २८ लाख स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी असे सांगितले, आणि त्यांची नावे वगळावी लागली. मतदान करण्यापूर्वी नाव लागावे लागते. हा पहिला उंबरठा पुढे सतत आपल्या वाटेत येणार आहे.

परदेशातला अनुभव आणि एक उकल

अमेरिकेत उलटा इतिहास आहे. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतापासून रोखण्यासाठीच साक्षरतेच्या परीक्षा घेतल्या जात. १९६५च्या मताधिकार कायद्याने त्यांना चाप बसला. त्यानंतरही अमेरिकी अभ्यासकांना एक गोष्ट सातत्याने दिसत राहिली. तेथे जितके शिक्षण जास्त, तितके मतदान जास्त. १९८०मध्ये वुल्फिंगर आणि रोझनस्टोन यांनी केलेला अभ्यास या बाबतीत प्रमाण मानला जातो. मात्र त्याच सुमारास रिचर्ड ब्रॉडी यांनी एक कोडे मांडले. १९६०नंतर अमेरिकेत शिक्षण झपाट्याने वाढले, तरी मतदान घसरत गेले. शिक्षणामुळे मतदान वाढत असेल, तर हे कसे?

या कोड्याची एक सुंदर उकल २००४मध्ये मिलिगन, मोरेट्टी आणि ओरेओपोलस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दिली. सक्तीच्या शिक्षणाचे कायदे बदलल्यामुळे काही पिढ्यांना जास्त काळ शाळेत राहावे लागले. त्या पिढ्या पुढे किती मतदान करतात, हे त्यांनी अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत तपासले. अमेरिकेत शिक्षणाचा स्पष्ट परिणाम आढळला, ब्रिटनमध्ये जवळपास नाही. फरक कशाचा? अमेरिकेत नाव नोंदवणे ही ज्याची त्याची जबाबदारी. ब्रिटनमध्ये यंत्रणा घरोघरी चौकशी करून यादी करीत असे. अमेरिकेतले फक्त नोंदणी झालेले नागरिक घेतले, तर तेथेही शिक्षणाचा परिणाम बराच ओसरतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. शिक्षण माणसाला अधिक कर्तव्यदक्ष करते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी अर्ज भरणे, मुदत पाळणे, कागद जोडणे ही कामे ते सोपी करते. जेथे वाटेत अर्ज आडवा येतो तेथे शिकलेला पुढे जातो. जेथे सरकार दारी येते तेथे दोघे सारखेच.

आपली यादी कशी होते

भारताची व्यवस्था या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येतो, पण दरवर्षी प्रत्येक दारी येईलच असे नाही. बव्हंशी तो शाळेतला शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा मनपाचा कर्मचारी असतो, आणि हे त्याचे मूळ काम नसते. नवे नाव लावायचे तर नमुना क्रमांक ६ भरायचा, तो ज्याचा त्याने. २०२१च्या दुरुस्तीनंतर वर्षात चार अर्हता दिनांक झाले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. सोय वाढली, यात शंका नाही. तरीही २०२४च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशाच्या यादीत १८-१९ वर्षांचे मतदार होते सुमारे १ कोटी ८० लाख. या वयाच्या एकूण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण चाळीस टक्क्यांहूनही कमी भरते. महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात बसणारी हीच मुले. म्हणजे प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज विनातक्रार भरणाऱ्या पिढीतली निम्म्याहून अधिक मुले मतदानाच्या दिवसापर्यंत पोहोचण्याआधीच शर्यतीतून बाहेर असतात.

शुद्ध शिकलेल्यांचाच मतदारसंघ पाहायचा असेल तर तोही आपल्याकडे आहे. घटनेच्या १७१व्या अनुच्छेदानुसार विधान परिषदेचे एक-बारांश सदस्य पदवीधर निवडतात. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. नितीन गडकरी यांनी १९८९पासून दीर्घकाळ प्रतिनिधित्व केलेली ही जागा डिसेंबर २०२०मध्ये काँग्रेसचे अभिजित वंजारी यांनी जिंकली, म्हणून ती निवडणूक गाजली. त्या वेळी मतदान ६० टक्क्यांच्या वर गेले. शिकलेले लोक मतदान करतात, याचा हा पुरावा म्हणून अनेकांनी तो आकडा मिरवला.

पण टक्केवारीच्या खाली छेद कोणता आहे ते पाहावे. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. जुने नाव आपोआप पुढे येत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या प्रत्येकाने नमुना १८ भरायचा, पदवीची प्रत जोडायची. २०२०मध्ये यादीत नावे होती दोन लाखांच्या आसपास. सहा जिल्ह्यांतले पदवीधर याच्या कितीतरी पट असतील, हे सांगायला जनगणनेची गरज नाही. ज्यांनी खटपट करून नाव लावले, किंवा ज्यांचे नाव एखाद्या संघटनेने लावून घेतले, त्यांतले साठ टक्के आले. न आलेल्यांची मोठी संख्या यादीबाहेर होती, म्हणून ती कुठल्याच टक्केवारीत दिसली नाही. १ नोव्हेंबर २०२५ हा अर्हता दिनांक धरून हीच यादी पुन्हा कोऱ्या पानापासून तयार करण्यात आली.

पदवी माणसाला हलवते

आता गांधीबागेत येऊ. ही मध्य भारताची कापडाची जुनी ठोक बाजारपेठ. साड्या, ड्रेस मटेरियल, होजिअरी. वर राहती घरे, खाली गाळे. एका बाजूला इतवारी, दुसऱ्या बाजूला महाल, जवळच मोमिनपुरा आणि हंसापुरी. मराठी, हिंदी, मारवाडी, गुजराती, सिंधी, उर्दू अशा भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. विधानसभेला हा भाग नागपूर मध्य मतदारसंघात येतो आणि महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी सहावा झोन गांधीबागेच्या नावाचा.

या वस्तीतले एक घर डोळ्यांपुढे आणा. दोन भाऊ. थोरला बी.कॉम. करता करता दुकानात बसू लागला, जीएसटीची बिले तोच पाहतो. धाकटा अभियंता होऊन पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला. शिक्षण धाकट्याचे जास्त. वर्तमानपत्र, चर्चा, मते, सारे त्याचेच जास्त. पण मतदानाच्या दिवशी थोरला सकाळी आठच्या आत केंद्रावर असतो. कारण त्याला नगरसेवक नावाने ओळखतो, गल्लीतला पक्षाचा कार्यकर्ता आदल्या रात्री चिठ्ठी आणून देतो, शेजारचा विचारतो, ‘काय भाऊ, बोट दाखव’. गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, हातगाड्यांमुळे माल उतरेना झाला, तर जायचे कुठे हे त्याला पक्के माहीत असते. धाकट्याचे नाव अजून गांधीबागेच्या यादीत आहे आणि तो राहतो सुमारे सातशे किलोमीटर दूर. १९ एप्रिल २०२४ला शुक्रवार होता. शनिवार-रविवार जोडून सुटी मिळत होती, तरी रेल्वेचे आरक्षण आणि ट्रॅव्हल्सचे तिकीट काढून एका मतासाठी येणे म्हणजे पदरचे पैसे आणि दोन रात्री. तो आला नाही. घरी सगळे म्हणाले, शिकलेल्यांना देशाची पर्वा नाही.

हे घर काल्पनिक आहे, पण नागपुरातल्या कोणत्याही जुन्या मोहल्ल्यातल्या वाचकाला ते ओळखीचे वाटेल. धाकट्याच्या बाबतीत शिक्षणाने दोन उलट कामे केली. राजकारण समजण्याची त्याची ताकद वाढवली आणि ज्या गावात त्याचे मत आहे तेथून त्याला उचलून दुसरीकडे नेले. पहिल्या कामाने मतदान वाढते, दुसऱ्याने घटते. बेरीज शून्य आली तर आपल्याला वाटते शिक्षणाचा काही परिणामच नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक वळण येते. लग्नानंतर माहेरचे नाव वगळून सासरी लावायचे, त्यासाठी नमुना ८. लग्नाची नोंदणी, आधारवरचा पत्ता, बँकेचे खाते या रांगेत मतदारयादी सर्वांत शेवटी उभी असते. १९५१मध्ये कुणाची तरी बायको म्हणून नाव गेले. आज नाव शाबूत आहे, पण ते माहेरच्या यादीत पडून आहे.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यालाही पर्याय असतो. तो गावाकडच्या पत्त्यावर किंवा शिकतो त्या ठिकाणच्या पत्त्यावर नाव लावू शकतो. बहुतेकांना हा पर्याय ठाऊक नसतो, आणि घरमालक भाड्याचा कागद देत नाही म्हणून ज्यांना ठाऊक आहे तेही अडतात. निवडणूक आयोगानेच २०१९मध्ये ३० कोटींहून अधिक मतदारांनी मतदान केले नाही, हे नमूद करून स्थलांतराकडे बोट दाखवले. जानेवारी २०२३मध्ये दूरस्थ मतदानयंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले. राजकीय पक्षांच्या आक्षेपांपुढे तो विषय तेथेच थांबला.

मतदान ही सवय आहे

भारतातल्या अभ्यासकांनी एक गोष्ट नव्वदच्या दशकापासून नोंदवली आहे. योगेंद्र यादव यांनी तिला लोकशाहीचा दुसरा उठाव म्हटले. पाश्चात्त्य देशांत सधन, सुशिक्षित वर्ग मतदानात पुढे असतो. आपल्याकडे दलित, गरीब, ग्रामीण माणूस मागे नसतो, अनेकदा पुढेच असतो. अमित आहुजा आणि प्रदीप छिब्बर यांनी गरीब माणसाशी बोलून दाखवले की त्याला मत हा आपला हक्क वाटतो, राज्याच्या नजरेत आपण अस्तित्वात आहोत याची ती खूण असते. मुकुलिका बॅनर्जी यांनी गावोगावच्या निरीक्षणांतून तेच सांगितले. रांगेत मालक आणि मजूर एकामागे एक उभे राहतात, हा अनुभव मजुरासाठी मोठा असतो. मालकाला तो तितका हवाहवासा वाटत नसावा. ज्याचे काम फोनवर होते, त्याला रांगेची गरज भासत नाही.

तरुणांच्या बाबतीत याला सवयीची बाजू जोडावी लागते. एरिक प्लुत्झर आणि इतर अभ्यासकांनी दाखवले आहे की मतदान ही सवय आहे. पहिल्या एक-दोन संधी ज्याने घेतल्या तो पुढे घेत राहतो. ज्याच्या हुकल्या त्याला न जाण्याची सवय लागते. म्हणून अठरा ते तेवीस ही वर्षे मोलाची. २८ मार्च १९८९ रोजी एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात येऊन मताचे वय २१वरून १८वर आले, त्यामागेही तरुणांना लवकर सामावून घेण्याचाच हेतू होता.

या वर्षांत आपण नागपूरच्या तरुणाला काय दिले? महानगरपालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ला झाली. मार्च २०२२मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसला. घटनेचा २४३-यू अनुच्छेद सांगतो की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आरक्षणाचे, प्रभागांचे वाद न्यायालयात चालत राहिले. परिणामी त्या फेब्रुवारीनंतर ज्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली त्यांतले थोरले २०२५मध्ये सव्वीस वर्षांचे झाले आणि तोवर त्यांनी आपल्या नगरसेवकासाठी एकदाही मत दिलेले नव्हते. गांधीबागेतल्या थोरल्या भावाला मतदानाकडे नेणारी जी ओळख होती, ती याच निवडणुकीतून तयार होत असते. तीच साखळी तुटली.

महाविद्यालयातही तेच. थेट विद्यार्थी निवडणुका महाराष्ट्रात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. हिंसाचाराचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. २०१६च्या नव्या कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, २०१९मध्ये घोषणाही झाली, आणि त्या लांबणीवर पडल्या. तीन दशके आपली महाविद्यालये निवडणुकीचा अनुभव न देता पदवीधर बाहेर काढत आहेत.

नागरिकशास्त्राने काय करावे

दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर स्वतंत्र पाठ आहे. आयोगाची रचना, मतदारसंघांची आखणी, आचारसंहिता हे सारे त्यात येते. मूल पंधरा वर्षांचे असते. पुढे विज्ञान किंवा वाणिज्य शाखा घेतली की हा विषय संपतो, आणि नाव लावण्याची वेळ येते अठराव्या वर्षी. मधल्या तीन वर्षांत पाठ विसरला जातो. विद्यार्थ्याला आयोगाचे अधिकार सांगता येतात, आपला प्रभाग कोणता ते सांगता येत नाही.

वरच्या विवेचनातून निघणारे उपाय साधे आहेत. बारावीच्या परीक्षेचा अर्ज महाविद्यालय ज्या शिस्तीने भरून घेते, त्याच शिस्तीने आगाऊ नमुना ६ भरून घ्यावा. वसतिगृहाच्या प्रवेशाबरोबर पत्त्याचा दाखला द्यावा. विवाहनोंदणीच्या खिडकीवरच नमुना ८ ठेवावा. पदवीदानाच्या दिवशी प्रमाणपत्राबरोबर नमुना १८ कधी भरायचा याची चिठ्ठी द्यावी. यात प्रतिज्ञा नाही, पथनाट्य नाही. ब्रिटन-अमेरिकेच्या तुलनेतून जे कळले तेच यात आहे. माणूस बदलण्यापेक्षा उंबरठा उतरवणे सोपे असते.

२०२५च्या अखेरीस नागपूर महानगरपालिकेच्या निवडणुकीची चाहूल लागली होती. स्थानिक संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६पूर्वी उरका, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. या निवडणुकांसाठी आधार धरली होती ती १ जुलै २०२५ची विधानसभा मतदारयादी. म्हणजे जो मुलगा किंवा मुलगी २ जुलैला अठरा वर्षांची झाली, तिला त्या वेळी मत नव्हते. निवडणुका वेळेवर झाल्या तर पुढची संधी तिच्या तेविसाव्या वर्षी येईल. ज्यांची तारीख बसत होती पण नाव लागले नाही, त्यांचेही तेच. तोवर त्यांच्यातली कित्येक मुले पदवी घेऊन पुण्या-बंगळुरूला गेलेली असतील आणि त्यांचे नाव, लागलेच असेल तर, गांधीबागेतल्या एखाद्या शाळेच्या खोलीत टेबलावरच्या यादीत छापलेले असेल. त्या नावापुढे सही होत नाही तोपर्यंत त्या घरातल्या शिक्षणाचा हिशेब अपुराच राहील.